तुम्ही विचारलंत म्हणून: जुना लॅपटॉप काढून टाकू का?

“तुला कॉम्प्युटरमधलं कळतं ना?” असं कुणी म्हणालं की पुढचा प्रश्न मला आता पाठ झालाय. “लॅपटॉप फार स्लो झालाय, वर विंडोज ११ घेत नाही म्हणतो. काढून टाकू का?” ऑक्टोबर २०२५ पासून तर आठवड्यातून एकदा तरी हे येतंच. फोनवर मी “बघू, घेऊन या” म्हणून वेळ मारून नेतो. पण आता विचारलंतच, तर एकदा नीट बसून सांगतो.

या एका प्रश्नात दोन तक्रारी एकमेकींना चिकटून येतात. यंत्र मंदावलंय ही एक, आणि विंडोज बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्टने त्याच्यावरचा हात काढून घेतलाय ही दुसरी. पहिलीचं कारण लॅपटॉपच्या आत असतं, दुसरीचं बाहेर. एकीचं औषध दुसरीला लागू पडत नाही. नवा लॅपटॉप घेतला की दोन्ही मिटतात हे खरं, पण डोकं दुखतंय आणि चपलेचा अंगठा तुटलाय म्हणून कुणी नवा माणूस आणत नाही.

आधी मंदपणाचं बघू. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. (तो उघडायलाच पाच मिनिटं लागली तर निदान जवळजवळ झालंच.) त्यात डिस्कचा रकाना बघा. तुम्ही काहीही करत नसताना तिथे १०० टक्के दिसत असेल आणि आत जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क असेल, तर चोर सापडला.

लॅपटॉपमधल्या अशा हार्ड डिस्कची तबकडी बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेते. म्हणजे सेकंदाला ९०, एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हवी ती माहिती वाचणाऱ्या टोकाखाली यायला सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं. ते टोक ज्या दांड्याला असतं तो योग्य जागी सरकायला लागणारा वेळ निराळा. सगळं जमेस धरलं तर इकडेतिकडे विखुरलेले तुकडे वाचायचे असतील तेव्हा ही डिस्क सेकंदाला शंभरसुद्धा तुकडे उचलत नाही. आणि विंडोज १० तर पडद्यामागे सतत काही ना काही उचलत असते: अपडेट तपासणं, व्हायरस शोधणं, फायलींची सूची बनवणं. तुमचं वर्डचं पान त्या रांगेत शेवटी उभं. एसएसडीत, म्हणजे चिपांवर माहिती साठवणाऱ्या नव्या डिस्कमध्ये, फिरणारं, सरकणारं असं काहीच नसतं. तेच काम ती सेकंदाला हजारोंनी करते. प्रोसेसर बिचारा आधीही रिकामाच बसलेला होता, शिव्या मात्र त्याला.

मी पहिल्यांदा स्वतःच्या लॅपटॉपची हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली तेव्हा सुरू व्हायला लागणारा वेळ चार मिनिटांवरून वीस-बावीस सेकंदांवर आला. एक स्क्रू उरला. तो अजून ड्रॉवरमध्ये आहे आणि लॅपटॉपला त्याची आठवण येताना दिसत नाही.

रॅमचं, म्हणजे चालू कामापुरती लागणाऱ्या मेमरीचं, थोडक्यात. ४ जीबी असेल आणि ब्राउझरमध्ये वीस टॅब उघडे ठेवायची सवय असेल तर आणखी ४ जीबी टाका, फरक पडतो. काही सडपातळ मॉडेलांत रॅम बोर्डावरच डकवलेली असते, तिथे इलाज नाही. आणि पंख्याच्या जाळीतली धूळ एकदा काढा. आत गरम झालं की प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो, त्यालाही आपण ‘म्हातारा झाला’ म्हणतो.

आता दुसरी तक्रार, आणि ही जास्त गंभीर. विंडोज १० आली २९ जुलै २०१५ ला, आणि तिचा सपोर्ट संपला १४ ऑक्टोबर २०२५ ला. दुसऱ्या दिवशी कुठलाही लॅपटॉप बंद पडला नाही. म्हणून लोक म्हणतात, “काही झालं नाही, उगाच घाबरवतात.” अहो, त्या दिवशी काही होणारच नव्हतं. थांबलं ते एकच: भोकं बुजवणं.

हे कसं चालतं ते बघा. विंडोज १० आणि ११ यांचा बराच कोड सामाईक आहे. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुरुस्त्या सोडते. ११ साठीची दुरुस्ती बाहेर पडली की वाईट हेतूचे हुशार लोक आधीची आणि नंतरची फाइल शेजारी ठेवून नेमकं काय बदललं ते शोधतात. म्हणजे ११ ची दुरुस्ती हाच १० च्या भोकाचा नकाशा ठरू शकतो. आणि नकाशा हाती लागल्यावर किती दिवस जातात? फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा ‘वॉनाक्राय’ व्हायरस आठवतोय? ज्या खिंडीतून तो शिरला ती बुजवणारी दुरुस्ती १४ मार्च २०१७ ला आली होती. हल्ला झाला १२ मे ला. दोन महिन्यांचाही अवकाश नव्हता. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. बळी पडलेल्यांत दुरुस्ती उपलब्ध असूनही न टाकलेली यंत्रं खूप होती. विंडोज एक्सपी या जुन्या आवृत्तीचा सपोर्ट तर २०१४ मध्येच संपला होता, तिच्यासाठी कंपनीला हल्ल्यानंतर घाईघाईने दुरुस्ती काढावी लागली.

“पण मी कुठल्याच भलत्या लिंकवर क्लिक करत नाही.” हे वाक्यही मला पाठ आहे. वॉनाक्रायला क्लिक लागत नव्हतं. तो नेटवर्कवरून एका यंत्रातून दुसऱ्यात स्वतःच चालत जायचा. घरच्या राउटरमुळे थोडा आडोसा मिळतो हे खरं, पण तोच लॅपटॉप घेऊन तुम्ही ऑफिसच्या किंवा स्टेशनच्या वायफायवर बसता ना?

तेव्हा विंडोज १० चालू ठेवायचीच असेल तर कंपनीने घरगुती वापरकर्त्यांना वर्षभराची जादा मुदत देऊ केली आहे, ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. सेटिंग्जमधल्या अपडेटच्या पानावरून नाव नोंदवता येतं. ती न घेता त्याच लॅपटॉपवरून बँकेचे व्यवहार करणाऱ्यांना मी स्पष्ट नाही म्हणतो, नातं कितीही जवळचं असो.

“मग विंडोज ११ का घेत नाही? लॅपटॉप तर ठणठणीत आहे.” ११ ला टीपीएम २.० लागतं, म्हणजे किल्ल्या सांभाळणारी एक छोटी तिजोरी, आणि इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर. मोजके अपवाद आहेत. आठवी पिढी बाजारात आली २०१७ मध्ये. कितीतरी २०१६-१७ च्या यंत्रांत टीपीएम आहे, ताकद आहे, फक्त जन्मसाल चुकलंय. सुरक्षेचा पाया उंचावण्याला माझा विरोध नाही. पण ही रेघ जिथे ओढली तिथेच का, याचं पटेल असं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. तपासणीला बगल देऊन ११ टाकायच्या युक्त्या आहेत, मी स्वतः करून पाहिल्यात, चालतात. मात्र अशा यंत्राला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही. स्वतःच्या प्रयोगाला ठीक, दुसऱ्याच्या लॅपटॉपवर मी ते करत नाही.

मॅकवाल्यांनी हसू नये. ॲपलने २०२० मध्ये स्वतःच्या चिपा आणल्या आणि आता मॅकओएस २६ ही इंटेलच्या मॅकसाठी शेवटची आवृत्ती आहे. इंटेलचा मॅक प्रो तर २०२३ पर्यंत विकला जात होता.

राहिला लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणारी फुकट प्रणाली. इथे माझी एक चूक सांगतो. मामांचा लॅपटॉप विंडोज ११ साठी नापास झाला तेव्हा मी उत्साहाच्या भरात बॅकअप घेतला, विंडोज पुसली आणि लिनक्स मिंट टाकून दिलं. यंत्र पळायला लागलं. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार, मी खूश. तीन आठवड्यांनी गेलो तर मामा टेबलाशी बसून जाड वहीत हिशेब लिहीत होते. त्यांचं हिशेबाचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालायचं. मी विचारलंच नव्हतं, आणि भाच्याने हौसेने केलंय म्हणून त्यांनी सांगितलंही नव्हतं. “आहे छान,” म्हणाले, “फोटो चांगले दिसतात.”

तेव्हापासून मी आधी एकच विचारतो: या यंत्रावर असं काय चालतं ज्यावाचून तुमचं अडेल? उत्तर ब्राउझर, व्हिडिओ, पत्रं आणि साधे तक्ते एवढंच असेल तर लिनक्सने तुमचं काहीही बिघडत नाही. पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून, आतलं काही न पुसता, वायफाय, आवाज, प्रिंटर सगळं तपासता येतं. वायफायच्या काही चिपा रुसतात, तेवढं आधी कळलेलं बरं. स्कॅनरचं तर विचारूच नका. पण एखादं विशिष्ट सॉफ्टवेअर नाव घेऊन सांगितलंत, तर ते लिनक्सवर कसंबसं चालवून दाखवायच्या फंदात मी आता पडत नाही.

आणि खरोखर टाकायचा कधी? बॅटरी फुगून टचपॅड वर उचलला गेला असेल तर आजच वापर थांबवा, ती बदलता येत नसेल तर लॅपटॉप ई-कचऱ्यात. ३२ बिटचा प्रोसेसर असेल, किंवा २ जीबी रॅम आणि तीही डकवलेली असेल, तर मीही जीव तोडून वाचवत बसत नाही. बाकीच्यांना एसएसडी टाकून तीन-चार वर्षं सहज निघतात. देण्याआधी डिस्क मात्र पुसा. नुसत्या फायली डिलीट करून भागत नाही.

मामांच्या लॅपटॉपवर मी विंडोज १० परत टाकली, एसएसडी बसवली, जादा मुदतीत नाव नोंदवलं. हिशेब पुन्हा कॉम्प्युटरवर सुरू झाले. पण ऑक्टोबर २०२६ नंतर काय करणार, असं त्यांनी दोनदा विचारून झालंय. ती जाड वही त्यांनी अजून टेबलावरून हलवलेली नाही.