चार नंबरच्या खोलीचं बिल

पुण्यात नारायण पेठेतल्या एका वाड्यात सहा खोल्या भाड्याने दिल्यात, सगळी एमपीएससीची पोरं, आणि तिथलं दर महिन्याचं लाईटचं रीडिंग मी घेतो. मी मूळचा वायरमन. पेठेत असे वाडे बरेच आहेत, महावितरणचं मीटर एकच, मालकाच्या नावाचं, आणि पुढे प्रत्येक खोलीला सबमीटर, मग महिनाअखेरीला कुणीतरी वही घेऊन आकडे उतरवायला लागतातच. मी आकडे मालकांना द्यायचो, ते १२ रुपये युनिटने गुणून पोरांकडून पैसे घ्यायचे, वर जिन्यातला लाईट आणि पाण्याची मोटर म्हणून खोलीमागे १०० रुपये वेगळे.

चार नंबरमधे बीडकडची दोघं राहतात. जेवण मेसला, दिवसभर अभ्यासिकेत, झोपायला आणि रात्रीच्या वाचनाला तेवढी खोली. यांचं रीडिंग नेहमी ६० युनिटच्या आसपास यायचं आणि एप्रिलपासून एकदम १०५, ११० यायला लागलं. पहिल्या महिन्यात वाटलं उन्हाळा आहे, पंखा जास्त चालला असेल. पण नंतर हिशोब मांडला तर जमेना, खोलीत पंखा एकच, ७५ वॅटचा, तो चोवीस तास फिरवला तरी महिन्याला ५४ युनिट होतात, त्यात दोन एलईडी ट्यूब आणि दोन लॅपटॉप धरले तरी ८५ च्या पुढे आकडा जायलाच नको.

मालक काकांचं ठरलेलं होतं, "इंडक्शन लपवून ठेवली असणार, रात्री मॅगी करतात." पोरगा म्हणाला, "दादा, कुलूप उघडून देतो, गादीखालीसुद्धा बघा, आमच्याकडं इंडक्शन नाही." त्याचा आवाज कापत होता. लोक म्हणतात चारपाचशे रुपयांनी काय होतंय, पण घरून मोजून पैसे येणाऱ्या पोराला चारपाचशे रुपये म्हणजे मेसचे कितीतरी दिवस असतात, आणि वर खोटं बोलल्याचा आळ. मला ते बघवेना. म्हणलं थांबा, आत्ताच बघू.

खोलीतला एमसीबी, म्हणजे अख्ख्या खोलीची लाईट तोडणारा स्विच, पाडला आणि खाली मीटरच्या बोर्डापाशी येऊन उभा राहिलो. त्या मीटरवर ३२०० इंपल्स असं छापलेलं होतं, म्हणजे लाल लाईट ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. खोली बंद केल्यावर तो लाईट लुकलुकायलाच नको, आणि खरंच नाही लुकलुकला, चांगला पाच मिनिटं बघत होतो. लाईन साफ. काका म्हणाले, "बघा, मीटर बरोबर आहे, आता बोला." पोरं गप्प झाली.

तेवढ्यात वरून कुणीतरी ओरडलं, टाकी संपली, मोटर लावा. काकूंनी बटण दाबलं, हौदाजवळची मोटर घरघरली, आणि चार नंबरच्या मीटरचा लाल लाईट धडाधड लुकलुकायला लागला. खोलीचा एमसीबी पडलेलाच. मी सगळ्यांसमोर घड्याळ लावून मोजलं, मिनिटाला ५३. म्हणजे तासाला जवळपास ३२००, म्हणजे सरळ एक किलोवॅटचा लोड, एक एचपीची मोटर पाणी चढवताना साधारण तेवढंच खेचते. टंग टेस्टर, म्हणजे वायरीभोवती चिमट्यासारखा धरून करंट मोजायचं यंत्र, लावून अँपिअर बघितले, तेही जुळले. सकाळ संध्याकाळ मिळून दीड तास मोटर चालते, महिन्याचे झाले ४५ युनिट.

एप्रिलमधे जुनी मोटर जळाली होती आणि काकांनी दुसऱ्या कुणाकडून तरी नवी बसवून घेतली होती. त्या माणसाने मेनपर्यंत वायर ओढायचा कंटाळा केला आणि हाताशी आलेल्या चार नंबरच्या सबमीटरच्या आउटगोइंगलाच, म्हणजे मीटरमधून खोलीकडे जाणाऱ्या वायरलाच, मोटर जोडून दिली, खोलीच्या एमसीबीच्या आधीच, त्यामुळे एमसीबी पाडून काही कळणारच नव्हतं. असलं काम करून पैसे घेणाऱ्याचा मला मनापासून राग येतो.

मी काकांकडे महावितरणची बिलं मागितली. आधी नको म्हणत होते, कशाला, वगैरे, मग आणली. मेन बिलाच्या युनिटमधून सहा सबमीटरची बेरीज वजा केली तर मार्चपर्यंत दर महिन्याला ५५-६० युनिट उरत होते, मोटर आणि जिना, आणि एप्रिलपासून फक्त १०-१२. ज्या महिन्यात हा फरक घसरला त्याच महिन्यात चार नंबर वाढलं. यापुढे वाद घालायला जागाच नव्हती. ती पोरं मोटरचे १०० रुपये वेगळे देत होती आणि तीच मोटर स्वतःच्या मीटरवरही चालवत होती.

काका मनाने वाईट नाहीत, त्यांना हे माहीतच नव्हतं, पण पैसे परत द्यायचे म्हणल्यावर पुढच्या महिन्यात बघू म्हणायला लागले. मी म्हणलं, "काका, ४५ गुणिले १२, ५४० महिन्याचे, तीन महिन्यांचे १६२०, आजच द्या, आणि त्यांना इंडक्शनवरून बोललात तेही मागे घ्या." काकूंनी आतून पैसे आणून दिले. इंडक्शनचं मात्र काकांनी स्वतःहून सांगितलं, "माझी चूक झाली रे पोरांनो."

त्याच दिवशी मोटरची वायर काढून मेनवर घेतली आणि मोटर व जिन्याला वेगळं सबमीटर लावलं. आता रीडिंगचा फोटो पोरांच्या ग्रुपवर जातो, मेन बिलाचा फोटो सोबत, आणि रेट १२ वगैरे काही नाही, बिलाची रक्कम भागिले युनिट, जो निघेल तो.

एक गोष्ट राहिलीये. घरगुती दराचे स्लॅब १००, ३००, ५०० असे चढत जातात आणि वाड्याचं मीटर एकच असल्याने सगळ्यांचे मिळून साडेपाचशेच्या आसपास युनिट होतात, म्हणजे ६० युनिट जाळणाऱ्या पोरालाही वरच्या स्लॅबचा भार पडतो, जो स्वतंत्र मीटर असतं तर पडला नसता. हे मी काकांना बिलावर बोट ठेवून समजावलंय, खोल्यांना वेगळी कनेक्शन घ्या म्हणून. खर्चाचं नाव काढलं की ते विषय बदलतात. पण मी दर महिन्याला रीडिंगला जातोच, आणि दर महिन्याला विचारणार आहे.