कंदाहारचं भूत, गुलाबी खेळणं आणि आमच्या गावावरचं ड्रोन

२०२४ च्या जुलैतली गोष्ट. रात्री साडेअकराला आईचा फोन. एवढ्या रात्री घरून फोन म्हणजे पोटात गोळाच येतो, घाईघाईत उचलला तर पलीकडून एकदम निवांत आवाज, "झोपला होतास का रे? काही नाही, ड्रोन आलंय." जसं काही मामाकडचे पाहुणे आलेत.

आमचं गाव गेवराईकडचं. त्या महिन्यात बीड, जालना, संभाजीनगर सगळीकडे हेच चाललेलं, त्याआधी शिरूर-दौंडकडे झालं होतं. रात्री लाल-हिरवे दिवे फिरतात, लोक गच्चीवर चढतात, पोरं काठ्या आणि बॅटऱ्या घेऊन गस्तीला निघतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तोच अंधारातला हलणारा ठिपका पन्नास वेळा फॉरवर्ड होतो. चोर घरं हेरतायत असं अर्धं गाव म्हणत होतं, उरलेलं अर्धं म्हणत होतं की सरकारचा गुपचूप सर्व्हे चाललाय, जमिनी जाणार. आईच्या हातातून फोन घेऊन माझा चुलतभाऊ म्हणाला, "दादा, हे साधं नाहीये. मिलिटरीचं आहे. वरून एक मोठं विमान फिरतंय आणि ते ह्यांना सोडू लागलंय."

मी हसलो. कॉम्प्युटरवाला असल्यामुळे गावाच्या दृष्टीने मी ड्रोनपासून मिक्सरपर्यंत सगळ्याचा तज्ज्ञ, त्यामुळे "बघून सांगतो" म्हणून फोन ठेवला. मग बघायला बसलो आणि रात्रीचे तीन वाजले. कारण मोठ्या विमानाच्या पाठीवरून सोडायचं हेरगिरीचं ड्रोन ही गोष्ट अमेरिकेने जवळजवळ साठ वर्षांपूर्वी करून झालीय! भावाने हवेत सोडलेली पुडी, पण जागा आणि काळ सोडला तर बरोबर निघाली.

झालं असं की १ मे १९६० ला रशियाने अमेरिकेचं यू-२ हे टेहळणी विमान पाडलं आणि गॅरी पॉवर्स हा पायलट जिवंत सापडला. अमेरिका आधी म्हणत होती की हवामानाचा अभ्यास करणारं विमान वाट चुकलं, आणि इकडे तर माणूसच हातात, त्याला मॉस्कोत कोर्टात उभा केला. त्या फजितीनंतर विनापायलट विमानाला जोर आला. यंत्र सापडलं तरी ते कबुली देत नाही, त्याची बायको टीव्हीवर रडत नाही. सैन्याच्या नेमबाजीच्या सरावासाठी रायन कंपनीचं फायरबी नावाचं एक विनापायलट विमान होतंच, गोळ्या खायलाच जन्मलेलं, त्यात कॅमेरा बसवला आणि झालं टेहळणी विमान. नाव 'लाइटनिंग बग', म्हणजे आपला काजवा. व्हिएतनामच्या युद्धात त्यांच्या तीन हजारांच्या वर फेऱ्या झाल्या. आपल्याला वाटतं ड्रोन म्हणजे आत्ताची टेक्नॉलॉजी, पण १९६४ च्या नोव्हेंबरात चीनने असलं एक पाडून जगाला सांगितलंसुद्धा होतं.

पण भावाचं "मोठं विमान" म्हणजे डी-२१. लॉकहीड या अमेरिकन विमान कंपनीच्या स्कंक वर्क्स नावाच्या गुप्त विभागात, केली जॉन्सनच्या हाताखाली बनलेलं, साधारण ४३ फूट लांब, काळं, चपटं, पुढे इंजिनाचं गोल तोंड. आवाजाच्या तिप्पट वेग आणि नव्वद हजार फुटांच्या आसपास उंची. त्याचं इंजिन रॅमजेट, आणि रॅमजेटची गंमत ही की ते उभ्या जागी सुरूच होत नाही, आत हवा दाबून भरायला आधी वेग पाहिजे. म्हणजे धक्का मारल्याशिवाय चालू न होणारी जुनी फियाट, फक्त धक्का आवाजाच्या तिप्पट वेगाने मारायचा. म्हणून ते दुसऱ्या, तेवढ्याच वेगवान एम-२१ विमानाच्या पाठीवर बसवून नेत. ३० जुलै १९६६ ला चौथ्या चाचणीत सुटल्या सुटल्या डी-२१ त्या विमानावरच आदळलं आणि विमानाचे दोन तुकडे झाले. पायलट बिल पार्क वाचला, मागच्या सीटवरचा रे टॉरिक समुद्रात बुडून गेला. "विनापायलट" म्हणायचं आणि त्याच्यापायी माणूस जायचा. त्यानंतर जॉन्सनने पाठीवरून सोडायचं बंदच केलं, पुढे बी-५२ बॉम्बरच्या पंखाखाली टांगून सोडायला लागले.

आता खरी मोहीम ऐका. चीनचं अणुचाचणीचं ठिकाण लोप नोर, तिथे जाऊन फोटो काढायचे, परत समुद्रावर यायचं, फिल्मचा डबा पॅराशूटने खाली सोडायचा, तो दुसऱ्या विमानाने हवेतल्या हवेत आकड्याने झेलायचा आणि ड्रोनने स्वतःला उडवून द्यायचं. कागदावर काय सुंदर. ९ नोव्हेंबर १९६९ ला पहिलं गेलं ते वळायलाच विसरलं, सरळ जात राहिलं आणि सोव्हिएत हद्दीत जाऊन पडलं. १९७० च्या डिसेंबरात दुसरं शहाण्यासारखं परत आलं तर डब्याचं पॅराशूट नीट उघडलं नाही, डबा समुद्रात. १९७१ च्या मार्चमध्ये तिसऱ्याचा डबा हवेत झेलता आला नाही, पाण्यात तरंगत होता, तो उचलायला गेलेल्या युद्धनौकेनेच तो बुडवला. त्याच महिन्यात चौथं चीनमध्येच कोसळलं. चार मोहिमा, हातात एकही फोटो नाही! आमच्या लग्नातला फोटोग्राफर बरा म्हणायचा, त्याने निदान बुफेचे तरी दिले.

ते पहिलं, वळायला विसरलेलं, त्याचे तुकडे सोव्हिएत इंजिनिअरांनी उचलले आणि त्यावरून टुपोलेव्हच्या कारखान्यात तसलंच काहीतरी बनवायचा घाट घातला, 'वोरोन' नावाने, ते काही उडालं नाही. १९८६ मध्ये सीआयएचा एक माणूस स्कंक वर्क्सचे तेव्हाचे प्रमुख बेन रिच यांच्याकडे आला आणि टेबलावर एक तुकडा ठेवला. सैबेरियात एका मेंढपाळाला सापडलेला, केजीबीच्या माणसाने नाताळची भेट म्हणून दिलेला. तो त्याच डी-२१ चा होता. रिच यांनी स्वतः सांगितलेली गोष्ट आहे. मला यातला मेंढपाळ सगळ्यात आवडतो. त्याने तो तुकडा उचलून घरी नेला असेल तेव्हा गावात काय काय चर्चा झाली असेल? आमच्या भावासारखा एखादा तिथेही असणारच. आणि तो जे काय म्हणाला असेल ते खऱ्यापेक्षा जास्त विचित्र असणं शक्यच नाही.

कॉन्स्पिरसीवाल्यांची सरसकट टिंगल मला म्हणूनच जमत नाही. "काहीतरी लपवतायत" हे त्यांचं बरोबर असतं. चुकतं ते "काय लपवतायत" तिथे. आणि लपवणाऱ्याला ही चूक फार सोयीची असते, कारण लोक उडत्या तबकड्या शोधत बसले की विमानाकडे कोण बघणार, अफवा म्हणजे फुकटात मिळालेलं पांघरूण. सीआयएनेच नंतर लिहून ठेवलंय की पन्नासच्या दशकाच्या शेवटी आणि साठच्या दशकात यूएफओ दिसल्याच्या अर्ध्याहून जास्त तक्रारी त्यांच्या यू-२ सारख्या विमानांमुळे होत्या. कारण साधं आहे, संध्याकाळी खाली अंधार पडलेला असतो पण साठ-सत्तर हजार फुटांवर अजून ऊन असतं, ते चंदेरी पंखावर पडलं की खालून आगीचा ठिपका. आता हा "अर्ध्याहून जास्त" आकडाही मला जरा संशयास्पदच वाटतो, यूएफओवर काम करणाऱ्या लोकांनी त्यावर आक्षेप घेतलेच आहेत, हेरखात्याने स्वतःच्या तोंडाने दिलेला हिशोब आपण का म्हणून डोळे झाकून घ्यायचा?

बरं, नजर फसते ती काय फक्त गावकऱ्यांची? आपल्याच सैन्याचं बघा. २०१२ च्या ऑगस्टपासून २०१३ च्या फेब्रुवारीपर्यंत लडाखमध्ये पँगाँगजवळ जवानांनी आकाशातल्या संशयास्पद वस्तूंच्या ३२९ नोंदी केल्या, त्यातल्या १५५ वेळा ती वस्तू ताबारेषा ओलांडून आत आली. चिनी ड्रोन, दुसरं काय. शेवटी बंगळुरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेच्या खगोलशास्त्रज्ञांना विचारलं, त्यांनी दिशा, उंची, वेळ नीट मांडून बघितलं, तर एक होता गुरू आणि दुसरा शुक्र. हसू येतं, पण त्या थंडीत, त्या उंचीवर, समोर चीन असताना रात्रभर आकाशाकडे बघत उभं राहा आणि मग हसा. विरळ हवेत तिथे ग्रह दिसतातही फार झगझगीत.

आणि कधीकधी अंदाज बरोबरही निघतात, त्याचं उदाहरण म्हणजे कंदाहार. २००७ च्या सुमाराला अफगाणिस्तानातल्या त्या तळावर एक राखाडी, वटवाघळासारखं, शेपूट नसलेलं विमान लोकांना दिसलं, लांबून काढलेले धुरकट फोटो २००९ मध्ये नेटवर आले आणि विमानप्रेमींनी नाव ठेवलं 'बीस्ट ऑफ कंदाहार'. हे लोक म्हणजे आपल्याकडचे एसटीचे डेपो आणि बॉडी नंबर पाठ असणारे असतात ना, तसलेच. त्यांनी एकच प्रश्न विचारला, तालिबानकडे रडार कुठाय? मग रडारला न दिसणारं स्टेल्थ विमान तिथे कशाला? म्हणजे ते शेजारी बघतंय. ४ डिसेंबर २००९ ला अमेरिकेच्या हवाईदलाने कबूल केलं, हो, आमचंच, आरक्यू-१७० सेंटिनल.

बरोबर दोन वर्षांनी, २०११ च्या डिसेंबरात, इराणने सांगितलं ते आमच्याकडे आहे! अमेरिका आधी म्हणत होती पश्चिम अफगाणिस्तानवर उडणाऱ्या ड्रोनशी संपर्क तुटला, आणि इराणी टीव्हीवर अख्खंच्या अख्खं विमान. एका हॉलमध्ये स्टँडवर ठेवलेलं, खालची बाजू कापडी बॅनरांनी झाकलेली, एकावर अमेरिकेचा झेंडा पण ताऱ्यांच्या जागी कवट्या. तो व्हिडिओ मी कितीतरी वेळा बघितलाय. रंग पिवळट का? चाकं का झाकली? पंख कापून परत जोडल्यासारखे का दिसतात? लगेच दोन तट पडले. एक म्हणे हे थर्माकोलचं गणपती डेकोरेशन आहे, दुसरे म्हणे अमेरिकेने मुद्दाम पाठवलं, आत काहीतरी पेरलंय. ओबामा १२ डिसेंबरला सरळ म्हणाले, परत मागितलंय, बघू. म्हणजे खोट्या मॉडेलचा मुद्दा तिथेच संपला. इराणने परत काय दिलं, तर एका खेळणी कंपनीने त्याची छोटी मॉडेल बाजारात आणली आणि ओबामांसाठी गुलाबी रंगाचं राखून ठेवलं. कुणी काही म्हणो, हा टोमणा अस्सल आहे.

इराणी म्हणतात आम्ही जीपीएसला फसवून उतरवलं. म्हणजे उपग्रहाच्या सिग्नलपेक्षा जरा जोरात नकली सिग्नल द्यायचा, विमानाला वाटतं आपण आपल्याच तळावर आलो. हे अशक्य नाही, २०१२ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या टॉड हम्फ्रीज यांच्या टीमने एका छोट्या ड्रोन हेलिकॉप्टरवर करून दाखवलं, पण ते साधं नागरी जीपीएस होतं, सैन्याचा सिग्नल कुलूपबंद असतो. मला विचाराल तर संपर्क तुटला, विमान भरकटलं, पोटावर कुठेतरी आपटलं आणि म्हणूनच खालची बाजू झाकली, इतकं साधं असावं. मुद्दाम पाठवल्याची थिअरी तर मला अजिबात पटत नाही, कारण इराणने पुढे त्याच आकाराची ड्रोन बनवली आणि २०१८ च्या फेब्रुवारीत इस्रायलने पाडलेलं इराणी ड्रोन हुबेहूब तसलंच होतं. पेरलेलं बी उगवलं खरं, पण भलत्याच शेतात.

त्याच डिसेंबरात, म्हणजे एक ड्रोन इराणच्या हॉलमध्ये असताना, अमेरिकेत कॅन्ससच्या हायवेवरून नेव्हीचं एक्स-४७बी हे ड्रोन प्लास्टिकमध्ये गुंडाळून ट्रेलरवरून चाललं होतं आणि लोक फोन करत होते की उडती तबकडी पकडून नेतायत. पुढे-मागे पोलिसांच्या गाड्या, रस्ताभर पसरलेलं गोल काहीतरी. मीपण केला असता फोन.

आणि मग २०२४ चा हिवाळा. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसनला राहणाऱ्या मित्राचा मेसेज, "इथे रोज रात्री ड्रोन येतायत रे." मी म्हटलं, तुमच्याकडे पण? न्यू जर्सीत पिकॅटिनी शस्त्रागाराच्या आसपास सुरू झालं आणि बघता बघता एफबीआयकडे पाच हजारांवर तक्रारी, त्यातल्या पुढे तपासाव्यात अशा जेमतेम शंभर. जेफ व्हॅन ड्रू हे खासदार टीव्हीवर म्हणाले की समुद्रात इराणचं मोठं जहाज उभंय आणि तेच ड्रोन सोडतंय. पेंटागॉनने साफ नाही म्हटलं, पण मला आधी आमचा भाऊच आठवला, "मोठं विमान सोडू लागलंय". मेरीलँडचे माजी गव्हर्नर लॅरी होगन यांनी घरावरच्या ड्रोनांचा व्हिडिओ टाकला, त्यात स्वच्छ मृग नक्षत्र दिसत होतं, बाणासकट. जानेवारीत व्हाइट हाउसने सांगितलं, बरीचशी ड्रोन विमान प्राधिकरणाच्या परवानगीनेच उडत होती. परवानगीच होती तर दोन महिने गप्प का बसला होतात?

त्याच जानेवारीत संक्रांतीला गावी गेलो. जेवणं झाल्यावर गच्चीवर गेलो, भाऊ मागोमाग. पश्चिमेला बोट करून म्हणाला, "ते बघा, रोज तिथंच थांबतंय." आई तिळाचं ताट घेऊन वर आली होती, तिने एकदा बघितलं आणि म्हणाली, "आरं ती शुक्राची चांदणी." सैन्याला सहा महिने लागले होते. पूर्वेकडून एक लुकलुकता दिवा आला, मी फोनवर विमानांचं अ‍ॅप उघडून दाखवलं, हैदराबाद-मुंबई. भाऊ जरा हिरमुसला.

मग उत्तरेकडून एक दिवा निघाला. लुकलुकत नव्हता, आवाज नाही, एका चालीने डोक्यावरून दक्षिणेकडे. अ‍ॅपमध्ये तिथे काहीच नव्हतं. दोन-तीनदा रिफ्रेश केलं.

"दादा, हे?"

"उपग्रह असेल."

"असेल," तो म्हणाला, आणि व्हिडिओ चालू केला.