जोमतिएनचा फ्लॅट आणि पुण्यातली रोकड

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर एक निवृत्त जोडपं माझ्या पुण्याच्या ऑफिसात आलं. थायलंडमध्ये पटायाजवळ, जोमतिएनला, एक बेडरूमचा फ्लॅट ठरत आला होता. किंमत १८ लाख बात, आपले साधारण ५० लाख. हिवाळ्यात दोन-तीन महिने तिथे राहायचं, एरवी भाड्याने द्यायचा. काकांचा चेहरा नुसता फुलला होता. काकू मात्र एक कागद घट्ट धरून बसल्या होत्या.

"मॅडम, एजंट म्हणतो २० लाख इथेच रोख द्या, बाकीचे बँकेतून पाठवा. टीसीएस वाचेल म्हणे. चालतं का हो असं?"

बरं झालं, त्यांनी पैसे देण्याआधी विचारलं. आर्थिक वर्षात माणशी १० लाखांपुढे जी रक्कम अशा खरेदीसाठी बाहेर जाते तिच्यावर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. सगळे पैसे एकट्या काकांच्या खात्यातून गेले तर ८ लाख. दोघांनी निम्मे निम्मे पाठवले तर प्रत्येकी ३, म्हणजे ६ लाख. आकडा ऐकून धडकी भरते हे खरं. पण तो खर्च नव्हे. रिटर्न भरताना तो आपल्या करातून वळता होतो, उरलेला परत मिळतो. जे परत मिळणार, ते वाचवायला हे २० लाख हवाल्यात घालणार होते.

फेमाचा, म्हणजे आपल्या परकीय चलनाच्या कायद्याचा, भंग तर होताच, पण मला जास्त काळजी तिकडच्या कायद्याची होती. थायलंडमध्ये परदेशी माणसाला फ्लॅट स्वतःच्या नावावर करता येतो, पण असे फ्लॅट इमारतीच्या एकूण क्षेत्रफळाच्या ४९ टक्क्यांपर्यंतच. शिवाय पैसे बाहेरून परकीय चलनात आले, असा तिथल्या बँकेचा कागद भूमी कार्यालयात लागतो. पुण्यात दिलेल्या रोकडीचा असा कागद कोण देणार?

काकांना हे पटेना. "अहो, त्याने इतक्या लोकांना घेऊन दिलेत!"

मी त्यांच्यासमोरच एजंटला फोन लावला. रोख रकमेचा बँकेचा दाखला कसा मिळेल, आणि हा फ्लॅट त्या ४९ टक्क्यांच्या परदेशी कोट्यातला आहे असं सोसायटीच्या ऑफिसचं पत्र आहे का, एवढंच विचारलं. आधी तो म्हणाला, सगळं होऊन जातं. मग म्हणाला, कोटा भरलाय, पण स्थानिक माणसाच्या नावावर घेऊ आणि तुमच्याशी ३० वर्षांचा भाडेकरार करू. म्हणजे ५० लाख यांचे, मालकी भलत्याचीच. काकांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि शांतपणे सांगितलं, "आम्हाला नको."

मला त्यांचं फार कौतुक वाटलं. एवढं मनात भरलेलं घर एका फोनवर सोडणं सोपं नसतं.

घराची हौस मात्र त्यांनी सोडली नाही, आणि का सोडावी? आता त्याच भागात जुना, थोडा लहान फ्लॅट बघतायत. या वेळी कोट्याचं पत्र आधी, टोकन नंतर. पैसे दोघांच्या खात्यांतून, परदेशी पैसे पाठवायच्या बँकेच्या ए२ फॉर्मवर परदेशी स्थावर मालमत्तेचा एस०००५ कोड टाकून. रोजच्या भाड्याने पर्यटकांना द्यायचा बेतही मी रद्द करायला लावला. हॉटेलच्या परवान्याशिवाय ते तिथे बेकायदा आहे. खरेदी झाली की दोघांच्या रिटर्नमध्ये शेड्यूल एफए, म्हणजे परदेशी मालमत्तेचा तक्ता, भरायचं, कारण ते लपवलं तर काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो. काकूंनी हे सगळं वहीत उतरवून घेतलंय.