स्टुटगार्टमधला 2006 चा उन्हाळा

2006 च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी मी जर्मनीत, स्टुटगार्टला, नव्यानेच राहायला गेलो होतो. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला दर चेंडूला काहीतरी घडण्याची सवय असते, त्यामुळे दीड तासात एखाददुसरा गोल होणाऱ्या खेळात लोक एवढे जीव कसे गुंतवतात, हे मला उमगत नव्हते.

यजमान जर्मनांना स्वतःच्या संघाचा भरवसा नव्हता. मार्चमध्ये इटलीने त्यांना 4-1 असे हरवले होते आणि प्रशिक्षक युर्गेन क्लिन्समान कॅलिफोर्नियात राहून संघ चालवतात म्हणून वर्तमानपत्रे त्यांच्यावर तुटून पडली होती. स्टुटगार्टमध्ये मात्र त्यांच्याविषयी आपुलकी होती, कारण त्यांच्या घरची बेकरी याच शहरातली.

14 जूनचा पोलंडविरुद्धचा सामना मी श्लॉसप्लाट्झ या शहराच्या मध्यवर्ती चौकातल्या मोठ्या पडद्यावर पाहिला. शेजारी उभ्या असलेल्या सहकाऱ्याने चेंडूचा पाठलाग सोडून बचावफळीकडे बघायला सांगितले, आणि चेंडू नसलेले खेळाडू जागा कशी मोकळी करतात, ती मोकळी होताच बचावपटू कसे सरकतात, हे दिसू लागल्यावर त्या तोवर गोलशून्य राहिलेल्या सामन्यातही मला क्षणाची उसंत मिळेना. नव्वदाव्या मिनिटाच्या सुमारास जर्मनीच्या क्लोसे आणि बालाक यांचे फटके लागोपाठ आडव्या खांबावर आदळले आणि अख्ख्या चौकाने डोक्याला हात लावला. पुढच्याच मिनिटाला ओडोन्कोरने उजवीकडून दिलेल्या पासवर नॉयव्हिलने गोल केला, तेव्हा अनोळखी माणसांनी मला कवटाळले. एका गोलासाठी नव्वद मिनिटे ताटकळलेल्या गर्दीचा आनंद काय असतो, ते मी त्या रात्री अनुभवले.

त्यानंतर मोटारींच्या खिडक्यांवर आणि घरांच्या सज्ज्यांवर झेंडे फडकू लागले. इतिहासामुळे राष्ट्रध्वज मिरवायला संकोचणाऱ्या या देशात असे दृश्य पूर्वी कधी पाहिले नव्हते, असे माझ्या वयस्कर घरमालकांनी सांगितले, आणि ते सांगताना त्यांचा आवाज किंचित कापला.

मला सर्वांत भिडला तो 30 जूनचा, अर्जेंटिनाविरुद्धचा उपांत्यपूर्व सामना. जादा वेळेतही बरोबरी न सुटल्याने दोन्ही संघांनी आळीपाळीने थेट गोलवर फटके मारण्याची, म्हणजे पेनल्टी शूटआउटची, वेळ आली; त्यापूर्वी राखीव गोलरक्षक ऑलिव्हर कान मुख्य गोलरक्षक येन्स लेहमानजवळ गेले आणि त्यांनी त्याचा हात हातात घेतला. क्लिन्समान यांनी कान यांना डावलून लेहमानला पहिली पसंती दिली होती आणि दोघांमधले वैर जगजाहीर होते, हे ठाऊक असलेल्या माझ्या भोवतालच्या लोकांच्या डोळ्यांत पाणी आले. मग लेहमानने मोज्यातून चिठ्ठी काढली. प्रतिस्पर्धी कोणत्या बाजूला फटका मारतात, हे गोलरक्षक-प्रशिक्षक कोप्के यांनी तिच्यावर खरडून दिले होते. शेवटी आलेल्या कांबियासोचे नाव तिच्यात नव्हतेच, तरीही लेहमानने चिठ्ठी शांतपणे वाचली आणि त्याचा फटका अडवला, आणि जर्मनी जिंकली.

4 जुलैला डॉर्टमुंडमधल्या उपांत्य सामन्यात जादा वेळेच्या अखेरीस इटलीने दोन गोल केले आणि स्वप्न संपले. श्लॉसप्लाट्झवरून लोक मुकाट्याने पांगले. मला वाटले, आता ज्वर ओसरेल. परंतु 8 जुलैला तिसऱ्या क्रमांकाचा सामना आमच्याच शहरात होता. त्या दिवशी गोल राखायला कान उभे होते, हा त्यांचा शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना. श्वाइनश्टायगरने दोन गोल केले, पोर्तुगाल 3-1 असे हरले आणि हजारो लोक रात्रभर एकच ओळ गात राहिले, की स्टुटगार्ट बर्लिनपेक्षा कितीतरी सुंदर आहे. अंतिम सामना दुसऱ्या दिवशी बर्लिनला होता. आमच्या गल्लीत त्याची कोणाला फारशी पर्वा उरली नव्हती.