डूमचा चेहरा आणि वाचनक्रमाची पाचवी आवृत्ती

“मावशी, डूमचा चेहरा बरा कधी झाला?” गेल्या रविवारी टॅबवरची मान वर न करता भाचीने विचारलेल्या या एका प्रश्नाने मार्व्हल कॉमिक्सच्या माझ्या वाचनक्रमाची चौथी आवृत्ती निकालात निघाली. ‘सीक्रेट वॉर्स’चा पाचवा अंक संपवून ती सहाव्याकडे निघाली होती आणि मुखवट्याआड विद्रूप चेहरा लपवणाऱ्या खलनायक डूमच्या ज्या बऱ्या झालेल्या चेहऱ्याविषयी ती विचारत होती, तो तिला नवव्या अंकाच्या अखेरीस दिसायला हवा होता. २०१५ ची ही मालिका ज्यांनी अजून वाचलेली नाही त्यांनी कृपया इथेच थांबावे, कारण शेवट उघड केल्याशिवाय माझी तक्रार सांगता येणार नाही.

घडले ते असे. लेखक जोनाथन हिकमन यांच्या या मालिकेचे मुळात आठच अंक जाहीर झाले होते. ते पुढे नऊ झाले, चित्रकार एसाद रिबिच यांची चित्रे ज्या निगुतीने काढली जात होती तिला साजेसा उशीरही झाला आणि शेवटचा अंक जानेवारी २०१६ मध्ये आला. मात्र मालिकेनंतरच्या नव्या विश्वातली कॉमिक्स ऑक्टोबर २०१५ मध्येच बाजारात यायला लागली होती. त्यांतल्या ‘इन्व्हिन्सिबल आयर्न मॅन’च्या पहिल्याच अंकाच्या शेवटी व्हिक्टर व्हॉन डूम समोर येतो तो धडधाकट, देखण्या चेहऱ्याने. संपूर्ण बॅटलवर्ल्डचा, म्हणजे नष्ट झालेल्या विश्वांच्या तुकड्यांतून जोडलेल्या जगाचा, ईश्वर होऊनही ज्याला स्वतःचा चेहरा बरा करता आला नाही, त्याला तो चेहरा शेवटी त्याचा हाडवैरी रीड रिचर्ड्स परत देतो, आणि मुखवटा काढल्यावर डूम हसतो. नऊ अंकांचा सगळा भार ज्या एका हास्यावर तोललेला आहे, ते माझ्या यादीने चार अंक आधीच फोडून टाकले.

दोष पूर्णपणे माझा नाही, पण बराचसा माझाच आहे. चौथ्या आवृत्तीचा सांगाडा मी संग्रहाच्या नोंदी ठेवणाऱ्या एका ॲपमधून उतरवून घेतला होता. हे ॲप अंक मुखपृष्ठावर छापलेल्या महिन्यानुसार लावते आणि महिना सारखा असेल तर वर्णानुक्रमाने. मुखपृष्ठावरचा महिना हा प्रत्यक्ष विक्रीच्या महिन्यापेक्षा साधारण दोन महिने पुढचा असतो, हे आपल्यापैकी कोणाला नव्याने सांगायला नको. अंक जुना वाटून विक्रेत्याने तो लवकर काढून टाकू नये म्हणून पडलेली ती रीत आहे. ‘सीक्रेट वॉर्स’चा सहावा अंक आणि आयर्न मॅनचा पहिला अंक या दोहोंवर डिसेंबर २०१५ असेच छापलेले आहे. इंग्रजी वर्णमालेत ‘आय’ हे अक्षर ‘एस’च्या आधी येते, त्यामुळे आयर्न मॅन पुढे सरकला. हे ॲप मुखपृष्ठांची चित्रे फार सुरेख दाखवते, एवढेच त्याच्याविषयी चांगले बोलता येईल. याच ॲपने मागे ‘फँटॅस्टिक फोर’चे ५८९ ते ५९९ असे अकरा अंक माझ्याकडे नाहीत म्हणून त्या ओळी लाल केल्या होत्या. ५८८ नंतर ती मालिका ‘एफएफ’ या नावाने नव्याने क्रमांक १ पासून सुरू झाली आणि अकरा अंकांनंतर थेट ६०० व्या अंकाने जुने क्रमांक परत आले, म्हणजे हरवलेले अकरा अंक माझ्या फडताळात वेगळ्या नावाने सुखरूप बसलेले होते, हे त्याला कधीच उमगले नाही.

तेव्हा तारखेनुसार लावणे बाद. मग कथेतल्या काळानुसार लावून पाहिले आणि तिथे ‘सीक्रेट वॉर्स’कडे नेणाऱ्या ‘टाइम रन्स आउट’ या कथानकाने अडवले. सप्टेंबर २०१४ मध्ये आलेला ‘ॲव्हेंजर्स’चा ३५ वा अंक कथेत एकदम आठ महिने पुढे उडी मारतो. त्याच दिवसांत इतर मालिका मात्र वर्तमानातच रेंगाळत होत्या. कथाकाळ काटेकोरपणे पाळायचा तर ३४ आणि ३५ या दोन अंकांमध्ये ‘ॲक्सिस’ या दुसऱ्या मालिकेचे नऊ अंक आणि त्यांच्याभोवतीचा सगळा पसारा कोंबावा लागतो. मी तो कोंबून पाहिला. उडीची सारी गंमत त्याखाली चेंगरून गेली, कारण मधल्या आठ महिन्यांत काय बिनसले हे माहीत नसणे हाच त्या अंकाचा जीव आहे.

सोमवार ते गुरुवार मी स्प्रेडशीटशी झगडण्यात घालवले. तीन वेगवेगळ्या तारखांचे रकाने केले, वजने देऊन पाहिली, एक सूत्र तर इतके लांबले की दुसऱ्या दिवशी मलाच ते वाचता येईना. शुक्रवारी रात्री सगळे रकाने लपवून ठेवले आणि भाचीचा प्रश्नच पुन्हा मनाशी म्हणून पाहिला. ‘कधी झाला’ असे ती विचारत होती, पण तिला तारीख नको होती. तिला जे अजून कळायला नको होते ते कळले होते, एवढेच. त्या रात्री मी दोनच नवे रकाने उघडले. पहिल्यात ‘हा अंक कोणते गुपित फोडतो’ आणि दुसऱ्यात ‘ते गुपित कोणत्या अंकात उलगडायला हवे’. दुसऱ्या रकान्यातला अंक यादीत खाली असेल तर ओळ लाल होते. सूत्र अर्ध्या ओळीचे आहे. तारखांचे तीनही रकाने आता केवळ शोभेला आहेत.

संपूर्ण यादीवर हे चालवले तेव्हा तीनच ओळी लाल झाल्या, आणि खरी मौज त्यांतच निघाली. एक ओळ अर्थातच आयर्न मॅनची. उरलेल्या दोन १९८४ च्या, म्हणजे लेखक जिम शूटर आणि चित्रकार माइक झेक यांच्या मूळ बारा अंकी ‘सीक्रेट वॉर्स’च्या काळातल्या. ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’च्या २५२ व्या अंकात, मे १९८४ मध्ये, पीटर, म्हणजे स्पायडर-मॅन, काळा पोशाख घालून परत येतो, तो पोशाख त्याला मिळतो कसा, हे ‘सीक्रेट वॉर्स’च्या आठव्या अंकात कळते, ज्यावर डिसेंबर छापलेले आहे. ‘फँटॅस्टिक फोर’च्या २६५ व्या अंकात चौघांपैकी थिंगच्या जागी शी-हल्क येते आणि थिंग मागे का राहिला याचे उत्तर बाराव्या अंकाखेरीज मिळत नाही. अगदी तोच घोटाळा, एकतीस वर्षे आधी. फरक इतकाच, की १९८४ चा घोटाळा हेतुपुरस्सर केलेला होता. नायक एका अंकाच्या शेवटी नाहीसे झाले, पुढच्याच महिन्यात बदलून परतले आणि मधल्या काळात काय घडले ते वाचकाने वर्षभर पुरवून पुरवून वाचावे, अशी ती योजना होती. २०१५ चा घोटाळा वेळापत्रक कोलमडल्यामुळे झाला. त्यामुळे या तीन लाल ओळींना एकच नियम लावता येणार नाही. १९८४ च्या दोन ओळी मी हाताने पिवळ्या केल्या आणि जागेवरच ठेवल्या. आयर्न मॅनचा अंक उचलून नवव्या अंकाच्या खाली नेला.

शनिवारी ही सुटसुटीत यादी मी मोठ्या ऐटीत भाचीपुढे ठेवली. पिवळ्या ओळींवर बोट ठेवून ती म्हणाली, “काळा सूट म्हणजे सिम्बायोट, तो अंगाला चिकटणारा परग्रहावरचा जीव, ना? ते तर मला पाच वर्षांची असल्यापासून माहीत आहे.” बरोबरच आहे तिचे. चित्रपट पाहत वाढलेल्या मुलीसाठी ते गुपित कधीचेच मेलेले आहे आणि सात महिन्यांचा विरह तिला नुसती दिरंगाई वाटेल. म्हणजे रकाने दोन नव्हे, तीन लागणार. तिसरा ‘वाचणाऱ्याला आधीच काय ठाऊक आहे’ असा, आणि तो प्रत्येकासाठी निराळा. हे लिहीत असतानाच ठरवते आहे: पाचवी आवृत्ती सर्वांसाठी एक अशी न ठेवता कोरा साचा म्हणून देईन, तिसरा रकाना ज्याचा त्याने भरावा.

आता ‘ॲव्हेंजर्स: डूम्सडे’ आणि ‘ॲव्हेंजर्स: सीक्रेट वॉर्स’ या चित्रपटांकडे वळते, कारण ही सगळी धावपळ मुळात त्यांच्यासाठीच चालली आहे. आधी ठरलेला खलनायक कँग याच्यासाठी केलेल्या यादीचे काय झाले ते जुन्या वाचकांना आठवत असेलच. जुलै २०२२ मध्ये ‘द कँग डायनॅस्टी’ हा चित्रपट जाहीर झाला, मी चार महिने खपून कँगचा वाचनक्रम लावला, डिसेंबर २०२३ मध्ये स्टुडिओने कँगची भूमिका करणाऱ्या अभिनेत्याला दूर केले आणि जुलै २०२४ मध्ये सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉनच्या मंचावर, आधी आयर्न मॅन साकारलेल्या रॉबर्ट डाउनी ज्युनियर यांनी डूमचा मुखवटा उतरवला. तेव्हापासून माझ्या वहीत अफवांना रकानाच नाही. ‘डूम्सडे’चे कलाकार खुर्च्यांवरच्या नावांनी जाहीर करणाऱ्या त्या थेट प्रक्षेपणाच्या वेळी, २६ मार्च २०२५ रोजी, मी पाच तासांहून अधिक वेळ पाठीवर लिहिलेली नावे एकेक करून वाचत बसले होते. हेम्सवर्थपासून डाउनीपर्यंत सत्तावीस नावे झाली आणि ती सत्तावीसच मी यादीत जोडली. मात्र त्या खुर्च्यांवर नाव नसणे हा पुरावा नव्हे, हेही डिसेंबर २०२५ मध्ये कळले. ख्रिस इव्हान्स यांची खुर्ची तिथे नव्हती आणि तरीही त्यांचा स्टीव्ह रॉजर्स, म्हणजे कॅप्टन अमेरिका, परत येणार असल्याचे टीझरने सांगितले. माझ्या यादीत स्टीव्ह होताच, कारण ‘ॲव्हेंजर्स’च्या ४४ व्या अंकात जग संपत असताना तो आणि टोनी, म्हणजे आयर्न मॅन, एकमेकांना बुकलत असतात, आणि ते वाचल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

तारखांचे मात्र भले झाले. ‘डूम्सडे’ १ मे २०२६ वरून १८ डिसेंबरवर गेला तेव्हा सगळे हळहळत होते आणि मी दिवस मोजत होते: बरोबर तेहतीस आठवडे. हिकमन यांच्या ‘न्यू ॲव्हेंजर्स’चे अंकही तेहतीसच आहेत. असा योगायोग कोणी कथेत लिहिला असता तर मी नाक मुरडले असते. दर आठवड्याला त्याचा एक अंक आणि जोडीला ‘ॲव्हेंजर्स’चा एक किंवा दोन, असा हिशेब बसवला आहे. ४४ वा ‘ॲव्हेंजर्स’ आणि ३३ वा ‘न्यू ॲव्हेंजर्स’ यांत आधी कोणता, हा आपला जुना वाद मी माझ्यापुरता मिटवला. शेवटी ३३ वाच, कारण त्यात डूम आहे, आणि चित्रपटगृहात शिरताना डोक्यात तोच असायला हवा.

तिढा राहतो तो २०१५ च्या ‘सीक्रेट वॉर्स’ कॉमिक्सचा. ते ‘डूम्सडे’च्या आधी वाचायचे, की १८ डिसेंबर २०२६ ते १७ डिसेंबर २०२७ या दोन चित्रपटांमधल्या बावन्न आठवड्यांत? कालपर्यंत माझे मत ‘आधी’ असे होते. लाल-पिवळ्या ओळी पाहिल्यावर ते बदलले. चित्रपट हीही यादीतली एक ओळच मानली, तर तोही काही गुपिते फोडणार आणि काही राखणार, आणि कोणती ते आज मला भरता येत नाही. म्हणून तो रकाना रिकामा ठेवून नऊ अंक मधल्या वर्षात ढकलते आहे. ‘इन्फेमस आयर्न मॅन’ हे २०१६ चे प्रकरण, ज्यात डूम स्वतःच आयर्न मॅन होतो, मी आजवर ‘वाचले नाही तरी चालेल’ या गटात टाकत आले. डाउनी यांनी ती चिलखते उलट्या क्रमाने चढवायचे ठरवल्यामुळे आता ते सक्तीचे. चित्रकार ॲलेक्स मालीव्ह यांच्या काळोख्या चौकटींसाठी तसेही ते वाचायला हवेच होते. माझी स्वतःची इच्छा विचाराल, तर डाउनी यांनी संपूर्ण चित्रपटभर मुखवटा काढूच नये.

भाचीला मी हा नवा बेत समजावून सांगितला आणि सहावा अंक वर्षभराने वाचावा लागेल म्हणून माफी मागितली. तिने क्षणभर विचार केला. “म्हणजे तो हसतो का, ते मला अजून माहीत नाही, बरोबर?” हसण्याचा उल्लेख मी तिच्यासमोर केलाच नव्हता. आयर्न मॅनच्या त्या पानावर चेहरा असतो. तो परत मिळाल्यानंतरचे हसू नवव्या अंकात आहे. मग लक्षात आले, की ही नोंद मी लिहीत असताना ती मागे उभी राहून वाचत होती. तिच्या तिसऱ्या रकान्यात आणखी एक नोंद वाढली आहे. उद्यापासून ‘फँटॅस्टिक फोर’ ५७०, जिथून हिकमन यांचे लेखन सुरू होते, आणि लिहिताना दार बंद.