ओमा, ओपा आणि मंडळाचा गणपती

जर्मनीत, स्टुटगार्टमधल्या आमच्या मराठी मंडळाचा गणपती चतुर्थीला बसायचा नाही, चतुर्थीच्या जवळच्या शनिवारी बसायचा. तिथे गणपतीची सुट्टी कोण देणार! त्यामुळे प्रतिष्ठापना, आरत्या, जेवणं, मुलांचे कार्यक्रम, उत्तरपूजा, सगळं एकाच दिवसात, भाड्याच्या हॉलमध्ये. रात्री हॉल लख्ख करून किल्ली परत द्यायची. हे दरवर्षी जमायचं ते कार्यकारिणीच्या मेहनतीमुळे, असं अहवालात छापून यायचं. माझ्या मते निम्मं श्रेय आमच्या घरमालकांचं.

हेस्लाख भागात चढावर त्यांचं जुनं घर. खाली ते, वर आम्ही. द्राक्षमळ्यांसाठी बांधलेल्या पायऱ्यांच्या वाटा त्या शहरात अजून ४०० हून अधिक आहेत. त्यातलीच एक चढून धापा टाकत घरी पोचायचं. दोघंही ऐंशीच्या घरातले. ओपा म्हणजे आजोबा, सुतारकामातून निवृत्त झालेले; ओमा म्हणजे आजी, त्यांची नोकरी बालवाडीतली. त्यांची नातवंडं हाक मारायची तशी आम्हीही मारू लागलो.

लाड म्हणाल तर अतोनात. ६ डिसेंबरच्या सकाळी तिथल्या मुलांना बुटांत सुकामेवा आणि संत्री सापडतात, संत निकोलाउसने ठेवलेली. ओमा आमच्याही दाराबाहेर ठेवायच्या, माझ्या नवऱ्याच्या भल्यामोठ्या बुटांत. पुण्याहून आईचा व्हिडिओ कॉल आला की त्या वर यायच्या आणि दोघी आपापल्या भाषेत सुनावायच्या, की ही मुलगी गळ्याला काही गुंडाळत नाही. ओपांचं प्रेम शिस्तीतून यायचं. ऐन थंडीतही ते खालून ओरडायचे, खिडक्या उघडा! आमच्या फोडणीच्या वासाबद्दल कधी चकार शब्द नाही. काळजी भिंतींना बुरशी येण्याची. आणि केरवोखे, म्हणजे झाडलोटीचा आठवडा. आठवड्याची पाळी आली की दारावर पाटी लटकायची, मग जिना, तळघर, फुटपाथ झाडायचा. याचं मूळ १४९२ च्या नगरकायद्यात आहे, हे ओपांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं. महापालिकेने आपला नियम १९८८ मध्ये मागे घेतला, हे मात्र शेजाऱ्यांकडून कळलं.

मंडळाशी त्यांचा संबंध आला तो मखरामुळे. थर्माकोलचं मखर फेकून देताना ओपांनी पाहिलं आणि ते अस्वस्थच झाले. पुढच्या वर्षी मी करतो म्हणाले, मूर्तीची उंची सांगा. मूर्ती पेणची, कुणाच्या तरी सामानातून यायची. आम्ही म्हटलं, साधारण फूटभर. ‘साधारण’ ऐकून त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. शेवटी पेणला फोन लावून, मुकुटासकट मिलिमीटरमध्ये माप मिळवलं. मखर झालं प्लायवूडचं, सुट्या तुकड्यांचं, प्रत्येक तुकड्यामागे नंबर. एकही खिळा नाही.

पहिल्या वर्षी निमंत्रणात चारची वेळ होती. दोघं पावणेचारला हजर, ओपा टाय लावून. अध्यक्ष साडेचारला आले. पुढच्या वर्षापासून हॉलची किल्ली ओपांकडेच राहू लागली. आम्ही पोचेपर्यंत खुर्च्या सरळ रांगेत लागलेल्या असायच्या.

ओमा स्वयंपाकघरात. स्टुटगार्ट ज्यात येतं त्या श्वाबेन भागात माउलताशन करतात, पिठाच्या पारीत मांसाचं सारण भरून. उपवासाच्या दिवसांत देवाला मांस दिसू नये म्हणून साधूंनी ते झाकलं, अशी तिथली दंतकथा. मोदक पाहिल्यावर ओमांनी हळूच विचारलं, यात काय लपवलंय? खोबरं आणि गूळ आहे, लपवायचं काही नाही, म्हटल्यावर जरा हिरमुसल्या. पण बोटांना पारीची सवय होती. दुसऱ्या वर्षी त्यांच्या मोदकाला माझ्यापेक्षा जास्त कळ्या पडल्या, आणि मंडळातल्या काकूंनी ते सगळ्यांसमोर मोजून दाखवलं. काकूंना काही सांगायची सोय नव्हती.

आरतीला हॉलचा नियम आडवा यायचा. धुराची घंटा वाजेल म्हणून आत कापूर नाही, निरांजनाच्या जागी विजेचे दिवे. ओपा गायनमंडळात खर्जात गाणारे, त्यामुळे आमच्या आरत्यांची दर कडव्याला वाढणारी लय त्यांना सोसायची नाही. टाळ्या कुणाच्या, झांज कुणाची, काही पत्ता नाही. विठ्ठलाची आरती मात्र त्यांची आवडती, कारण तिच्यात सूर ओढून धरायची चुरस. आमचे तरुण मेंबर एकेक करून गळायचे, चेहरे लाल व्हायचे, आणि पहिल्या रांगेत ओपांचा आवाज तसाच चालू. हॉलभर टाळ्या. नंतर ते शांतपणे सांगायचे, श्वास पोटातून घ्यायचा असतो.

त्यांच्या गायनमंडळाच्या नाताळच्या कार्यक्रमाला आम्ही जायचो. तिथे सगळं वेळेवर सुरू व्हायचं आणि वेळेवर संपायचं, एवढंच सांगते.

विसर्जन हॉलमागच्या टबात. मग ओपा झाडू वाटायचे. आयटीतले मोठमोठे साहेब निमूट कोपरे झाडत, आणि ओपा मागे हात बांधून फिरत. किल्ली घ्यायला येणारा माणूस दारातूनच ‘उत्तम’ म्हणून परत जायचा.

आम्ही पुण्याला परतलो, मखर तिथेच त्यांच्या तळघरात राहिलं. नव्या कार्यकारिणीला ते हवं असेल तर वहीत सही करून न्यावं लागतं, परत देताना तुकडे नंबरवार तपासले जातात. आणि रविवारी आणून दिलेलं चालत नाही. रविवारी जिन्यात खडखड करायची नसते.