गवताचा पट्टा लावला, पण ठोंबांसाठी कार्यालयानं रडवलं

शेततळ्यात गाळ येऊ नये म्हणून तोंडाशी गवताचा पट्टा लावायचा, हे काम अवघड नाही. उतार पाण्याच्या नळीनं मोजता येतो, ओळ चुन्यानं आखता येते, खड्डे घरची माणसं करतात. माझं अडलं ते ठोंबांवर, म्हणजे लावायच्या गवताच्या मुळासकट जुड्यांवर. खरं म्हणजे ठोंबांवरही नाही, ठोंबांच्या कागदावर.

आमचं वावर यवतमाळ-वाशीमकडच्या उताराचं. वर मुरमाड बरड, खाली काळी. सोयाबीन दोन पानांवर असतं तेव्हा जमीन उघडीच असते आणि नेमका तेव्हाच धो-धो पाऊस येतो. तळ्याच्या तोंडाला गाळाचा खड्डा होता, तो एकाच झडीत भरायचा. पुढची सगळी माती तळ्यात, आणि तिच्यासोबत पेरताना दिलेलं खतही, कारण खतातलं स्फुरद (फॉस्फरस) मातीच्या कणांना धरूनच वाहून जातं. उन्हाळा आला की जेसीबीचं भाडं ठरलेलं.

पट्ट्यासाठी मला वाळा, म्हणजे खसाचं गवत, हवं होतं आणि रोपवाटिकेत त्याचे वाफे तयार होते. मी स्वतः पाहून आलो, कमरेइतके वाढलेले. पण मागणीपत्राशिवाय ते द्यायचे नाहीत, आणि मागणीपत्र मिळणार तालुक्याच्या एका कार्यालयातून. तिथं सातबारा दिला, आठ-अ दिला, आधार दिलं. सातबारा सामाईक म्हणून पुण्याच्या चुलतभावाचं संमतिपत्र मागितलं, तेही त्यानं पाठवलं. मग अर्जात 'उपचाराचा प्रकार', म्हणजे माती अडवायला कोणतं काम करणार, हा रकाना आला. त्यात ढाळीचे बांध (थोडा उतार दिलेले मातीचे बांध) आणि सलग समतल चर (उताराला आडवे खोदलेले चर), बस. गवताचा पट्टा नाही.

टेबलावरचे बाबू म्हणाले, "भाऊ, हे काम घनमीटरमधी मांडा लागते. गवताचे किती घनमीटर लिहू?"

मी म्हटलं, "साहेब, यात खोदकामच नाही. लांबी धरा, रनिंग मीटर लिहा."

"तसा रकाना नाही. वरून इचारून सांगतो."

वरून काही येईना. रोहिण्या सरल्या, मृग लागला. कधी साहेब दौऱ्यावर, कधी बैठकीत, कधी सर्व्हर बंद. मी बाकावर बसून समोरच्या भिंतीवरचा पाणलोटाचा नकाशा पाहायचो. त्यात माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधांच्या रेषा काढलेल्या. बाबूंना मी सांगत होतो की आमच्या काळ्या मातीचा बांध उन्हाळ्यात भेगाळतो, पहिल्याच पावसाचं पाणी भेगेत शिरतं आणि बांध फुटतो. वाळ्याची मुळं ३ मीटरपर्यंत खोल जातात, ती माती धरून ठेवतात. कर्नाटकात मैसूरकडे गुंडलुपेटचे शेतकरी पिढ्यानपिढ्या शेताच्या हद्दीवर वाळ्याच्या ओळी राखत आले आहेत. बाबूंनी सगळं नीट ऐकून घेतलं, माणूस वाईट नव्हता. पण सही होत नव्हती. आर्द्रात पाऊस बसला आणि माझ्या डोळ्यांदेखत वरची माती पुन्हा तळ्यात उतरली. त्या संध्याकाळचा राग अजून गेलेला नाही. रोपवाटिकेत गवत उभं, वावरात ओळ आखलेली, आणि मध्ये एक रकाना.

मोठीमाय म्हणाली, "काहून फिरत राह्यतं रे तिकडं? नाल्याच्या काठानं मारवेल मातला हाय, थो काढून लाव ना."

मारवेल म्हणजे चाऱ्याचं गवत. दुसऱ्या दिवशी कुदळ घेऊन नाल्यावर गेलो. झड चालू होती, म्हणून मुळं सुकली नाहीत. एकेका ठोंबात दोन-तीन फुटवे ठेवून फोडले, शेंडे वीतभर ठेवून छाटले आणि तळ्याच्या तोंडाशी तीन ओळी लावल्या, ठोंबाठोंबात १० ते १५ सेंटीमीटर अंतर. मागच्या ओळीचा ठोंब पुढच्या ओळीच्या फटीसमोर यायला पाहिजे. मारवेलाची मुळं वाळ्याइतकी खोल जात नाहीत आणि गुरं तो आवडीनं खातात, म्हणून पहिलं वर्ष काटेरी फांद्यांचं कुंपण लागतंच.

पट्ट्याच्या वर आधीची ओघळ असेल तर ती पहिल्यांदा बुजवा, हे वर सांगायला पाहिजे होतं. पाणी पसरून आलं तरच गवत त्याला अडवतं. एका जागी धार धरून आलं तर ठोंब उपटून नेतं. पट्ट्याची दोन्ही टोकं चढाकडे थोडी वळवा, नाहीतर पाणी बगल देऊन निघून जातं. पेरणीचे तासही उताराला आडवे असू द्या. आणि तणनाशक फवारणाऱ्या गड्याला ओळ हातानं दाखवून ठेवा, त्याला ते गवत तणच वाटतं.

मागणीपत्र आलं ते पोळ्याच्या सुमारास. उपचाराच्या रकान्यात 'ढाळीचे बांध' लिहिलेलं. पुढच्या पावसाळ्यात त्यावरच वाळा आणला आणि वावरात वरच्या अंगाला आडव्या ओळी लावल्या. आमचा उतार २ टक्के, म्हणजे ५० मीटर चाललं की १ मीटर खाली. दर तेवढ्या अंतरावर एक ओळ धरली. वाळा ३०-४० सेंटीमीटरवर कापत राहिलं की बुडाशी दाट होतो.

आता मोठा पाऊस झाला की मी आधी पट्ट्याच्या वरच्या बाजूला जाऊन पाहतो. तिथं जाड रेती, त्यावर बारीक पोयटा, त्यात पऱ्हाटीच्या काड्या आणि सोयाबीनचा पाला अडकलेला. खालच्या बाजूचं पाणी गढूळच असतं, पण ओंजळीत घेतलं तर बोटांना रेती लागत नाही. चिकणमातीचे अगदी बारीक कण गवतानं थांबत नाहीत, ते तासन्तास तरंगतात. म्हणून गाळाचा खड्डा मी बुजवलेला नाही. पट्ट्यामागे साचलेली माती उन्हाळ्यात टोपल्यांनी उचलून बरडावर टाकतो. तळ्यातला गाळ इतका कमी झाला की गेल्या उन्हाळ्यात जेसीबी बोलावावाच लागला नाही, आणि याचा मला मनापासून अभिमान आहे.

त्या कार्यालयात मी लेखी अर्ज दिला आहे की गवताचा पट्टा लांबीत मोजायचा रकाना अर्जात घाला. पोच घेतली आहे. तुमच्याकडेही इथंच अडत असेल तर एकट्यानं बाकावर बसू नका, ग्रामसभेत ठराव घ्या आणि तो अर्जाला जोडा. आमच्या गावात येत्या ग्रामसभेत तो विषय घेतला आहे.